अपघाताचा धसका अंगात बसलाय, तो कसा उतरवायचा?

प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका वाचकाने आपल्या वहिनींबद्दल विचारलं आहे. वहिनी २८ वर्षांच्या, ऊसतोड करतात. सात महिन्यांपूर्वी रात्री ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली. टोळीतल्या दोन बाया जागीच गेल्या. वहिनींचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, ते जुळून आलं. पण अजूनही ट्रॅक्टरचा आवाज आला की त्यांची छाती धडधडते आणि घाम फुटतो. रात्री त्या दचकून उठतात. कधी कधी हाक मारली तरी ओ देत नाहीत, हातपाय गार पडतात. देवऋषी झाला, झोपेच्या गोळ्या झाल्या. मोबाईलवर ‘शरीरातून ट्रॉमा बाहेर काढा’ असे व्हिडिओ दिसतात, त्यात तथ्य आहे का आणि घरी काय करता येईल? दसऱ्यानंतर पुन्हा ऊसतोडीला जायचं आहे, मुकादमाकडून उचल घेतलेली आहे.

तथ्य आहे. मात्र ‘बाहेर काढायचं’ असं काही अंगात साठलेलं नसतं, आणि एका बैठकीत हे होत नाही.

धोका दिसला की मेंदूतला अमिग्डाला हा भाग विचाराच्या आधी हुकूम सोडतो. सिंपथेटिक मज्जासंस्था जागी होते, अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास छातीच्या वरच्या भागात येतो, मांड्या आणि खांदे आवळतात, पोटाचं काम मंदावतं. पळायला किंवा झगडायला वाव नसेल तर शरीर गोठतं: अंग जड, हातपाय गार, आवाज दुरून आल्यासारखे. उलटणाऱ्या ट्रॉलीत वाव नव्हताच. हे सगळं त्या रात्री योग्यच होतं. धोका टळल्यावर पॅरासिंपथेटिक बाजूने, मुख्यतः व्हेगस या नसेने, अंग पुन्हा खाली आणायचं असतं. वहिनींचं तिथे अडलं आहे. त्यांचं अंग चढतं पटकन आणि उतरायला तासन् तास घेतं. म्हणून उपचाराचं खरं माप ‘भीती गेली का’ हे नाही. चढल्यावर किती मिनिटांत उतरलं, हे आहे. एक वही करा, तारीख आणि मिनिटं एवढंच लिहा. पहिला फरक बहुधा तिथेच दिसतो. झोप आणि भूक त्यानंतर सुधारतात.

किल्लारीच्या भूकंपानंतर, ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेनंतर, लातूर-धाराशिवकडे कितीतरी माणसं धड उभ्या घरातही छताखाली झोपायला धजत नव्हती. त्यांना कुणी वेडं म्हणत नव्हतं, कारण सगळ्या गावाचं तेच चाललं होतं. वहिनींचं दुखणं त्याच जातीचं आहे, फक्त त्या एकट्या पडल्या आहेत. मोठ्या आघातानंतर बहुतेकांचं अंग काही आठवड्यांत आपोआप निवळतं. महिन्याच्या पुढे टिकलं आणि जगणं अडलं, तर त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा आजार, म्हणून तपासावं लागतं. सात महिने म्हणजे नक्कीच तपासावं.

आता उपचारांबद्दल प्रामाणिक हिशोब. पीटीएसडीसाठी सगळ्यात भक्कम पुरावा आघातावर केंद्रित सीबीटी (बोलण्यातून विचार आणि वागणं बदलण्याचा उपचार) आणि ईएमडीआर या दोन पद्धतींना आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी याच दोन सुचवल्या. ईएमडीआर म्हणजे आठवण थोडी मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवत केलेला उपचार, फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेला. शरीरावाटे काम करणाऱ्या पद्धतींत पीटर लेव्हिन यांची ‘सोमॅटिक एक्स्पीरिअन्सिंग’ जास्त ओळखीची आहे. इस्राएलमधल्या एका चाचणीत (२०१७) ६३ जणांवर तिचा फायदा दिसला, पण तुलना उपचाराची वाट पाहत थांबलेल्यांशी होती, म्हणजे पुरावा आशादायक पण पातळ. स्टीफन पोर्जेस यांचा ‘पॉलिव्हेगल’ सिद्धांत (व्हेगस नसेवरून भीती आणि गोठणं समजावणारा) व्हिडिओंमध्ये पक्क्या विज्ञानासारखा सांगतात. त्यातल्या शरीररचनेच्या दाव्यांवर शास्त्रज्ञांचे गंभीर आक्षेप आहेत. तरीही शरीराकडून सुरुवात करणं मला वहिनींसारख्यांसाठी योग्य वाटतं, कारण ज्या बाईला अपघाताचं नाव काढलं की वाचाच बसते तिला आधी बोलायला लावणं निर्दयपणाचं आहे. अंग थोडं हाताशी आलं की मग बोलण्याचे उपचारही झेपतात.

घरचं काही सुरू करण्याआधी एक फेरी डॉक्टरांकडे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर आणि ईसीजी. आपल्याकडे बायांचं रक्त इतकं कमी असतं की नुसत्या त्यानेच धडधड आणि धाप लागते, आणि श्वासाचे व्यायाम करून रक्त वाढत नाही. ट्रॉलीतून पडताना डोक्याला मार लागला होता का, त्यानंतर डोकेदुखी, चक्कर, विसरणं सुरू झालं का, हे आवर्जून सांगा. आणखी एक गोष्ट बीड जिल्ह्यात विचारलीच पाहिजे: पिशवीचं (गर्भाशय काढण्याचं) ऑपरेशन झालंय का, आणि त्यात बीजकोशही काढलेत का? काढले असतील तर रात्रीचा घाम, अंगातून वाफा, धडधड आणि तुटक झोप यांचा बराच भाग हार्मोन अचानक बंद झाल्याचा असू शकतो. त्याचा उपचार वेगळा आहे.

घरी करताना पहिलं काम ओळखण्याचं. वहिनी या क्षणी चढलेल्या आहेत की गोठलेल्या? चढलेल्या असतील तर अंग गरम, नजर भिरभिरती, श्वास भराभर, हात-जबडा आवळलेला. गोठलेल्या असतील तर नजर एका जागी, उत्तर उशिरा किंवा नाहीच, बोटं गार, अंग ढिलं किंवा लाकडासारखं. दोन्हीला उपाय उलटे आहेत. घरगुती प्रयत्न सगळ्यात जास्त इथेच फसतात. गोठलेल्या माणसाला ‘डोळे मिट, हळू श्वास घे’ म्हटलं की तो आणखी खोल जातो.

चढलेल्या अवस्थेत आधी नजर, मग पाय, मग श्वास. पाठ भिंतीला लागेल आणि दार दिसेल अशी जागा द्या. डोळे उघडेच ठेवायचे. मान अगदी हळू उजवीकडून डावीकडे फिरवायची, एका बाजूहून दुसरीकडे जायला पंधरा-वीस सेकंद, आणि नजरेला जे पडेल त्याची नावं घ्यायची: कणगी, खुंटी, दिवा, पातेलं. मग दोन्ही टाचा फरशीत पाच सेकंद दाबायच्या, दहा सेकंद सोडायच्या, असं चार वेळा. त्यानंतर श्वास. नाकाने मनात चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. श्वास खोल घ्यायचा नाही, फक्त बाहेर सोडणं लांबवायचं. श्वास सोडताना व्हेगस नसेचा हृदयावरचा लगाम ओढला जातो आणि ठोके मंदावतात, म्हणून सगळं बळ सोडण्यात आहे. मिनिटाला सहा श्वासांच्या आसपास गती येते. पाच मिनिटं पुरे.

ओठाभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या, डोकं हलकं झालं, तर श्वास जास्त होतोय आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी पडतोय. अशा वेळी आजूबाजूचे ‘मोठा श्वास घे, मोठा श्वास घे’ म्हणतात, त्याने मुंग्या वाढतात. श्वास लहान करायला सांगा. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं सध्या पूर्ण बंद. हे प्रकार अंगाला मुद्दाम चढवतात, आणि वहिनींना चढायची शिकवणी नको आहे.

मोजत बसणं सगळ्यांना जमत नाही. मोजण्याकडे लक्ष गेलं की काहींची धडधड वाढते. मग हरिपाठ म्हणा, ओवी म्हणा, तोंड मिटून गुणगुणा. अभंगाची एक ओळ एका श्वासात म्हटली की सोडणं आपसूक लांबतं. घरातली सासू किंवा जाऊ सोबत म्हणत असेल तर फारच उत्तम, कारण ओळखीच्या माणसाचा शांत आवाज हाही अंगाला मिळालेला निरोपच असतो. वहिनींना पूर्वीपासून ज्याची गोडी होती तेच निवडा.

गोठलेल्या अवस्थेत हालचाल आणि जाणीव. समोर या, पण फार जवळ नको, आणि नेहमीच्या आवाजात नाव घेऊन सांगा: ‘वहिनी, मी आहे. आपण घरी आहोत. आज मंगळवार आहे.’ हाताची बोटं हलवायला सांगा, मग पाय, मग उठून दहा पावलं. ओला गार फडका हातावर किंवा तोंडावर त्यांनी स्वतः लावावा. ओवा किंवा आलं चुरडून वास द्यायला हरकत नाही. कांदा, चप्पल नाकाला लावणं, गदागदा हलवणं, गालावर मारणं, तोंडात पाणी ओतणं यातलं काहीही करू नका. दात घट्ट बसले, जीभ चावली, कपड्यात लघवी झाली किंवा पाच मिनिटांत काहीच प्रतिसाद आला नाही, तर तो प्रकार वेगळा समजून दवाखाना गाठा. फिट असू शकते.

हे झालं त्या क्षणापुरतं. रोजचा सराव निराळा, आणि तो अंग बऱ्यापैकी शांत असतानाच करायचा. धडधड सुरू झाल्यावरच व्यायाम आठवतो, अशा घरात व्यायाम ही भीतीचीच खूण होऊन बसते. सकाळी भाकरी झाल्यावर दहा मिनिटं आणि दिवेलागणीला दहा मिनिटं, यापेक्षा जास्त नको.

सरावाचा गाभा असा. वहिनींना अंगात एक जागा शोधू द्या जी बरी किंवा निदान कोरी आहे. बहुधा तळहात, तळपाय, कधी नाकाचा शेंडा. तिथे अर्धा मिनिट लक्ष. मग जिथे आवळलंय, समजा छातीचा मध्य, तिथे फक्त दहा-पंधरा सेकंद. पुन्हा तळहाताकडे अर्धा मिनिट. अशा तीन फेऱ्या, आणि थांबायचं. छातीतलं गेलं नाही तरी थांबायचं. अंग शिकतंय ते एवढंच की तिकडे जाऊन परत येता येतं. घरच्यांना हे फार थोडं वाटतं आणि ते वेळ वाढवतात. तहानलेल्या वाफ्यात पाटाचं सगळं पाणी एकदम सोडलं की वाफा फुटतो, तसंच इथेही होतं: अर्धा तास छातीतल्या भीतीवर लक्ष धरलं की दोन दिवसांची झोप जाते, आणि बाई म्हणते मला हे नको.

दुसरा सराव ढकलण्याचा. भिंतीसमोर उभं राहून दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर टेकवायचे आणि निम्म्या जोराने सहा-सात सेकंद ढकलायचं, मग सावकाश सोडायचं. चार वेळा. मोडलेल्या हाडाच्या बाजूला कळ आली तर त्या हाताने नको, बसून पायांनी भिंत ढकलावी. अपघातात सावरायला हात पुढे गेलेले असतात आणि काहीच धरता आलेलं नसतं. आपल्या अंगात जोर आहे आणि तो लावता येतो, ही जाणीव पुष्कळांना शांत श्वासापेक्षाही लवकर आधार देते. हे करताना मांड्या थरथरल्या, जांभया आल्या, डोळ्यांत पाणी आलं तर घाबरू नका, धरून ठेवू नका. मिनिट-दोन मिनिटांत थांबतं. पण थरथर मुद्दाम आणायचीही नाही. अर्धा-अर्धा तास अंग हलवायला लावणारे जे वर्ग निघालेत ते अशा रुग्णांसाठी नाहीत.

शवासनही इतक्यात नको. डोळे मिटून, उताणं, हालचाल न करता पडून राहणं ही अपघातानंतर ट्रॉलीखाली अडकलेल्या माणसाच्या अंगाला जवळजवळ तीच परिस्थिती आहे. पुष्कळांना विश्रांतीच्या प्रयत्नातच घबराट येते, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. कुशीवर, डोळे उघडे, अंगावर गोधडीचं थोडं वजन, एवढ्यावर भागवा.

स्पर्शाबद्दल एकच नियम: विचारल्याशिवाय नाही. नवऱ्यानेही नाही, मागून तर कधीच नाही. ‘खांद्यावर हात ठेवू का?’ आणि उत्तर नाही आलं तर नाही. रात्री दचकून उठल्यावर मिठी मारण्यापेक्षा दिवा लावणं आणि नाव घेणं जास्त कामाचं.

मिश्री आणि चहाचंही बघा. तंबाखूतल्या निकोटिनने ठोके वाढतात, त्यामुळे झोपण्याआधीची मिश्री ही रात्रीच्या धडधडीची वाटेकरी असते. एकदम सुटणार नाही, पण संध्याकाळनंतरची आधी बंद करा. चहा दुपारी तीनच्या पुढे नको.

देवऋषीकडे पुन्हा न्यायचं की नाही हा घराचा प्रश्न आहे. अंगारा लावल्याने कुणाचं वाईट होत नाही. पण बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं यातलं काही झालं तर त्या अंगाला दुसरा आघात होतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तो गुन्हाही आहे.

ट्रॅक्टरच्या भीतीवर काम वरच्या सरावाला तीन-चार आठवडे झाल्यावर सुरू करा, त्याआधी नाही. दहापैकी किती चढलं हे वहिनींनी सांगायचं, आणि पाचच्या वर गेलं की एक पायरी मागे येऊन तिथेच थांबायचं. आधी दुरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज, ओसरीवर बसून. मग बंद ट्रॅक्टरपासून वीस पावलांवर उभं राहणं. मग ट्रॉलीच्या चाकाला हात लावणं. मग चढून लगेच उतरणं. मग बंद ट्रॉलीत दोन मिनिटं बसणं. मग इंजिन सुरू, गाडी उभी. शेवटी दिवसाउजेडी, रिकामी ट्रॉली, शेताच्या बांधाइतकं अंतर, आणि ‘थांब’ म्हटल्याक्षणी थांबणारा ओळखीचा ड्रायव्हर. एक पायरी तीन-चार दिवस सलग दोन-तीनच्या खाली राहिली की पुढची. प्रत्येक वेळी वर गेल्यावर नजर, टाचा, लांब श्वास, आणि आकडा उतरल्यावरच तिथून निघायचं. आकडा चढलेला असताना पळून आलं की अंगाला कळतं ते एवढंच की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती मोठी होते. कुणी गंमत म्हणून अचानक हॉर्न वाजवला तर आठवड्यांची मेहनत जाते, पोरांना आधीच दम द्या.

रात्री भरलेल्या ट्रॉलीवर, सामानाच्या ढिगावर बसून जायची भीती मात्र घालवायची नाही. ती भीती खरी आहे, तिथे माणसं मरतात. अंगाला खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष करायला शिकवणं हा उपचार नव्हे. जायचंच ठरलं तर वहिनींनी एसटीने किंवा जीपने दिवसा जावं, हे मुकादमाशी आत्ताच बोलून घ्या.

तज्ज्ञांकडे जायचं तर बीडचं जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. जाण्याआधी १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पुण्या-मुंबईचे ऑनलाइन थेरपिस्ट निवडताना चार गोष्टी विचारा: शिक्षण काय, पीटीएसडीचे रुग्ण किती पाहिले, पहिल्याच भेटीत सगळा अपघात सांगायला लावता का, स्पर्श करता का. पहिल्याच दिवशी सगळं वदवून घेणारे टाळा. आघातावरच्या सीबीटीला साधारण आठ ते बारा बैठका लागतात, एका शिबिरात बरं करतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

गोळ्यांबद्दल: सर्ट्रालिनसारख्या गोळ्यांचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. झोपेसाठी मिळतात त्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्या पीटीएसडीवरचा उपचार नाहीत. त्यांची सवय लागते, आणि महिनोन् महिने चालू असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी कराव्या लागतात. ‘त्या दोघींऐवजी मी गेले असते तर बरं झालं असतं’ असं वहिनी बोलल्या तर सरळ विचारा, मरायचे विचार येतात का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाल्या तर फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर कुलपात ठेवा, त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

राहिला दसरा. माझं मत स्पष्ट आहे. तोपर्यंत सलग पाच तास झोप येत नसेल, किंवा गोठण्याचा प्रकार आठवड्यातून एकदाही होत असेल, तर वहिनींनी या हंगामात कोयता हातात घेऊ नये. हातात कोयता असताना किंवा डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना दोन सेकंद भान हरपलं तरी पुरे आहे. अर्ध्या कोयत्याचा, म्हणजे जोडीतल्या एकट्याच्याच कामाचा, हिशोब उचलीतून कसा वळता करायचा हे अवघड आहे, पण मुकादमाशी ते बोलणं दसऱ्याच्या आदल्या दिवशी करण्यापेक्षा आज करा, आणि सरकारी दवाखान्याचा कागद सोबत न्या.